बटाटे कोण आणतं

कुओपिओ. जानेवारीतले सकाळचे नऊ,
आणि खिडकीत अजून शाईसारखा अंधार.
तळं गोठलेलं. त्यावर कुणीतरी कंदील घेऊन
मासे धरायला आधीच बसलंय.
माझ्या हातात स्टॉपवॉच, समोर अकरा पायऱ्या,
लाकडी, कुठेही न जाणाऱ्या.
चढायचं, वरच्या भिंतीला हात लावायचा, उतरायचं.

तौनो आणि हिल्का. एका घरातले चार गुडघे,
त्यातले तीन कामातून गेलेले.
दोघांना एकच इंजेक्शन, एकच व्यायामाचा तक्ता,
बारा आठवडे, मंगळवारी आणि शुक्रवारी.
शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही.
आज किती?
तौनो ताडकन म्हणाला, सात.
चाळीस वर्षं ओंडक्यांचा ट्रक, डावा पाय क्लचवर.
हिल्का थांबली. पर्समध्ये सुटे पैसे शोधावेत
तसा आकडा शोधला तिने.
"चार."

तिच्या एक्स-रेत हाडावर हाड टेकलं होतं,
मध्ये केसाएवढीही फट नाही.
शाळेचं स्वयंपाकघर, एकतीस वर्षं, सिमेंटची जमीन,
वाटाण्याच्या सुपाचं पातेलं दोघींनी उचलायचं
आणि दुसरी बऱ्याचदा रजेवर.
दुखणं अंगावर काढणं म्हणजे काय
ते त्या चारच्या आकड्यात दिसलं मला.
रकान्यात मात्र नुसता चार लिहिला.

सहाव्या आठवड्यात पडद्यावर दोन रेघा आल्या.
पुरुषांची उतरत गेलेली,
बायकांची बसून राहिलेली.
"बायकांना गुण कमी येतो," डॉक्टर म्हणाले,
वाईट हेतूने नाही, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं.
कुणी म्हणालं संप्रेरकं, कुणी म्हणालं मांडीचे स्नायू,
कुणी म्हणालं, त्या येतातच उशिरा.
सगळंच थोडं थोडं खरं असेल.
मग कागद लांबत चालला म्हणून
दोन्ही रेघांची सरासरी काढली.
सरासरीचा गुडघा: ना बाईचा, ना बुवाचा.
तो कधी कुठला जिना चढला नाही.

दहाव्या आठवड्यात हिल्का म्हणाली, सहा.
माझं पेन हवेतच.
वाढलं?
"माळ्यावर जाते आता," ती म्हणाली.
"आईचा माग आहे वर. जुन्या चादरी फाडून
सतरंज्या विणायची आई. पाच वर्षं मी वर गेलेच नव्हते.
चढत नव्हते, म्हणून दुखत नव्हतं.
आता चढते. मागाच्या पावड्या पायानेच दाबायच्या ना."
आणि हसली, दहापैकी सहा दुखणारी बाई.

अक्कल गुडघ्यात म्हणून हिणवतात लोक.
असेलही. हिल्काची होती.

तौनोचा आकडा दोन.
तक्त्यात नव्हता तो प्रश्न मी विचारला:
तळघरातून बटाटे कोण आणतं?
तो टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला.
"आधी मी आणायचो."
आणि आता?
हिल्का कोटाची बटणं लावत होती,
खालून वर, एकेक.

समासात लिहिलं मी हे सगळं, बारीक अक्षरात.
समास यंत्र वाचत नाही.

शेवटच्या शुक्रवारी हिल्का अकरा पायऱ्या चढली,
भिंतीला हात लावायचं विसरली.
वरच्या छोट्या खिडकीतून तळं दिसतं,
हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.
"कुणाचा तरी कुत्रा बर्फावर मोकाट सुटलाय,"
तिथूनच म्हणाली.
घड्याळ पळत होतं.
मी हाक मारली नाही.
वेळ फार वाईट आली.
तीच लिहिली.